वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड आणि करंगळीखालचा ट

"भाऊ, वायरलेस मेकॅनिकल घ्यायचा आहे, कोनता घेऊ जी?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. विचारणारे बहुतेक आमच्याच भागातले असतात. कोणी चामोर्शीत सेतू केंद्र चालवतो, कोणी लिपिकाच्या परीक्षेची तयारी करतो, कोणी माझ्यासारखा गावी राहून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. सगळ्यांनी आधी चार-पाच व्हिडिओ बघितलेले असतात. निळा स्विच, लाल स्विच, तपकिरी स्विच, आवाज कसा 'थॉक' येतो, दिवे किती रंगांचे, सगळं पाठ असतं. मग मी एक प्रश्न विचारतो: "तू टाइप काय करतोस?" उत्तर येतं, "मराठी." आणि मराठीबद्दल त्या व्हिडिओंमध्ये एक अक्षर नसतं.

माझं भांडण इथेच आहे. कीबोर्डवर जेवढे म्हणून सल्ले दिले जातात ते दोन माणसांसाठी असतात: इंग्रजीत कोड लिहिणारा आणि गेम खेळणारा. तिसरा माणूस, जो दिवसभर मराठीत अर्ज, ठराव, बातम्या, पत्रिका टाइप करतो, तो हिशेबातच नाही. आणि तो तिसरा माणूसही तोच सल्ला मुकाट्याने ऐकून तीन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत खर्च करतो आणि त्या महागड्या कीबोर्डवर 'maza' टाइप करून 'माझा' येण्याची वाट बघतो... माफ करा मंडळी, रोमन अक्षरं इथे शोभत नाहीत. एम-ए-झेड-ए असं वाचा. :-)

आता थोडं तांत्रिक. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. तो फक्त जागा पाठवतो: अमुक ओळीतलं अमुक बटण दाबलं. तार असो, ब्लूटूथ असो, डोंगल असो, आकडा तोच जातो. त्या जागेवर इंग्रजी 'के' आहे की मराठी 'क', हे संगणकातली ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. म्हणजे बाजारातला प्रत्येक कीबोर्ड मराठी आहे आणि एकही मराठी नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्हीत मराठी इनस्क्रिप्ट आयतं बसलेलं आहे, फक्त चालू करायचं. वेगळं सॉफ्टवेअर नको, पैसे नकोत.

हे इनस्क्रिप्ट १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण म्हणून आणलं आणि १९९१ च्या भारतीय मानकात ते घेतलं गेलं. मांडणी इतकी सरळ आहे की बघून हसू येतं. स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. मधल्या ओळीत उजव्या बोटांखाली र, क, त, च, ट. शिफ्ट दाबलं की क चा ख, त चा थ, च चा छ, ट चा ठ. डावीकडे शिफ्ट दाबलं की मात्रेचा पूर्ण स्वर. ज्याला बाराखडी येते त्याला अर्धा कीबोर्ड आधीच येतो. आणि मराठीत व्यंजन-मात्रा-व्यंजन-मात्रा असं चालतं, म्हणून उजवा-डावा-उजवा-डावा असे हात आलटून पालटून पडतात. ढोलकीवर पडतात तसे.

मोजून बघा. 'मार्कंडा' लिहायला इनस्क्रिप्टमध्ये आठ बटणं लागतात, शिफ्ट एकदाही नाही. नियमबद्ध रोमन पद्धतीने हाच शब्द लिहिताना दहा अक्षरं आणि वर अनुस्वारासाठी एक, ड साठी एक अशी दोन शिफ्ट. 'वैनगंगा' इनस्क्रिप्टमध्ये सात बटणं, रोमनमध्ये अकरा आणि एक शिफ्ट. नियम न पाळता अंदाजाने रोमन लिहिलं तर अक्षरं कमी लागतात हे खरं, पण मग खाली पर्यायांची यादी येते आणि डोळा दर शब्दाला त्या यादीकडे जातो. न की ण, ल की ळ, ऱ्हस्व की दीर्घ, हे तुम्ही ठरवायचं ते यंत्र सुचवतं आणि तुम्ही मान डोलावता. ज्याला स्वतःच्या गावाचं नाव लिहिताना यंत्राची परवानगी घ्यावी लागते त्याने स्विचच्या आवाजावर चर्चा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, बोललं की फोन लिहून देतो, आता टायपिंग शिकायचंच कशाला? फोनवर निरोप पाठवायला ते उत्तम आहे, मीही वापरतो. पण तहसीलच्या आवारात, शेजारी दहा माणसं बोलत असताना, अर्जदाराचं नाव, वडलांचं नाव, गट नंबर आणि गावाचं नाव बोलून लिहून बघा. शिवाय राज्यात लिपिक-टंकलेखकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट हीच अट आहे, आणि परीक्षकासमोर फोनला बोलता येत नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये अनेक ठिकाणी अजून जुन्या टाइपरायटरची, म्हणजे रेमिंग्टन वळणाची मांडणी शिकवतात, तिचं काय? ज्याचा हात त्या मांडणीवर पक्का बसला आहे त्याने ती सोडू नये. ती मांडणीही युनिकोडमध्ये चालते. पण नव्याने शिकणाऱ्याने ती का शिकावी? तिथे अर्धी अक्षरं वेगळी, पूर्ण अक्षरं वेगळी, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, कारण लोखंडी यंत्रात कागद डावीकडून उजवीकडे भरत जायचा. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर काढला तेव्हा ते बरोबर होतं. ती अडचण यंत्राची होती, यंत्र गेलं, अडचण मात्र आपण जपून ठेवली आहे.

आणि आमच्या भागासाठी तर इनस्क्रिप्टचा एक फायदा असा आहे की जो पुण्या-मुंबईत कोणाला सुचणारच नाही. चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, घरात बंगाली चालते. खाली सिरोंच्याकडे गेलात तर तेलुगू. इनस्क्रिप्टमध्ये क ज्या बटणावर आहे त्याच बटणावर बंगालीचा क आणि तेलुगूचा क. एकदा बोटं बसली की तिन्ही लिप्या हाताशी. मुंबईचा माणूस एका कीबोर्डवर तीन संगणक जोडता येतात म्हणून खूष होतो. आमच्या पोराला एका सवयीवर तीन भाषा जोडता येतात, आणि त्याला हे कोणी सांगत नाही!

तर मुद्दा असा की आधी बोटं, मग कीबोर्ड. रोज अर्धा तास, न बघता, स्टिकर न लावता. स्टिकर लावले की डोळा खाली जातो आणि कायमचा खालीच राहतो. हे झालं की मग खुशाल मेकॅनिकल घ्या. ती चैन नाही. ज्याचं पोट टायपिंगवर आहे त्याला चांगला कीबोर्ड म्हणजे सुताराला चांगला रंधा. आपल्या देशात हे फॅड यायच्या कितीतरी आधी टीव्हीएस-ई गोल्ड नावाचा जाडजूड, चेरीच्या निळ्या स्विचचा कीबोर्ड बँकांत आणि डीटीपीच्या दुकानांत कटकट कटकट करत होता. तो वापरणाऱ्या कोणी 'थॉक' वगैरेचा विचार केला नाही, काम केलं.

आता घेताना काय बघायचं, मराठी लिहिणाऱ्याच्या नजरेने.

पहिलं, बटणं मोजा. हल्ली छोटे कीबोर्ड घेण्याची टूम आहे. साठ किंवा पंच्याहत्तर टक्केवाला चालेल, त्यात अक्षरांची सगळी बटणं असतात. त्याहून छोट्यात, चाळीस टक्के किंवा दोन तुकड्यांच्या काही कीबोर्डांत, कंसांची आणि बरोबरच्या चिन्हाची बटणं काढून टाकतात. इंग्रजीवाल्याचं त्यात फारसं जात नाही. आपला मात्र चौकटी कंसावरचा ड जातो, बरोबरच्या चिन्हावरचा 'कृपा'तला ृ जातो आणि उलट्या तिरक्या रेघेवरचा 'डॉक्टर'मधला ॉ जातो. ड शिवाय गडचिरोली कशी लिहिणार?

दुसरं, स्प्रिंग. इनस्क्रिप्टची एक खरी उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही: उजव्या करंगळीवर फार भार पडतो. ज, ड, च, ट, य सगळे तिच्याकडे. म्हणून जड स्विच नको. लाल किंवा तपकिरी जातीचा, साधारण ४५ ग्रॅमच्या आसपास दाबला जाणारा घ्या. निळा कटकट्या दुकानात ठीक, घरात रात्री अकराला आई उठून येते.

तिसरं, वायरलेस. इथे जाहिरातींनी डोकं फिरवलं आहे. डोंगल एक मिलिसेकंदात, ब्लूटूथला साडेसात किंवा त्याहून जास्त, म्हणून डोंगलवाला महाग. अहो, मिनिटाला ४० शब्द, शब्दाला पाच बटणं धरली तर दोन बटणांमध्ये ३०० मिलिसेकंद जातात. त्यात साडेसात आणि एकचा फरक तुमच्या बोटांना कळणार नाही. टायपिंगला साधं ब्लूटूथ पुरे.

पण वायरलेस घ्यायचा तर तार लावून चालणाराच घ्या. हे वाक्य उलटं वाटतं, पण नीट वाचा. काही कीबोर्डांना तार लावली तर फक्त चार्जिंग होतं, अक्षर जात नाही. काहींना दोन्ही होतं. दुकानात किंवा माहितीपत्रकात हे एवढं एक विचारून घ्या. बॅटरी संपली, डोंगल हरवलं, किंवा संगणकात लिनक्स नव्याने टाकायचं आहे आणि ब्लूटूथ अजून सुरूच झालेलं नाही, अशा वेळी तीच तार कामाला येते.

चौथं, बॅटरी. यातल्या लिथियम बॅटऱ्या साधारण ४५ अंश तापमानापर्यंतच चार्ज कराव्यात असं बनवणारेच सांगतात. चंद्रपूरला मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाणं नवीन नाही, आणि टिनाच्या छताखालची दुपार वेगळीच. म्हणून उन्हाळ्यात रात्री चार्ज करा, दिवे बंद ठेवा (बॅटरी खातात तेच), आणि बॅटरी स्क्रू काढून बदलता येते का ते बघा. साधे पेन्सिल सेल घालणारा मिळाला तर त्याला कमी लेखू नका. सेल चामोर्शीच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. सर्व्हिस सेंटर नागपूरला, जवळपास दोनशे किलोमीटर. त्याच कारणाने स्विच उपटून बदलता येणारा, ज्याला हॉटस्वॅप म्हणतात, तो घ्या. एक स्विच गेला म्हणून नागपूरची बस धरावी लागू नये.

पाचवं आणि शेवटचं: सेटिंग बदलता येत असेल तर कॅप्स लॉकच्या जागी भाषा बदलण्याची कळ बसवा. मराठीला कॅपिटल अक्षरं नसतात, ते बटण आपल्याला फुकट मिळालेलं आहे.

एवढं लिहिल्यावर पुण्यातले मित्र म्हणणार, तू उगाच भाषेचा झेंडा खांद्यावर घेतोस, कीबोर्ड हा कीबोर्ड आहे. असेल बुवा. वैनगंगा बहुतेक दक्षिणेला जाते, मार्कंड्याला येऊन उत्तरेकडे वळते, आणि लोक महाशिवरात्रीला तिथेच जत्रेला येतात. तेव्हा प्रवाहाच्या उलट बोलायला आमच्या गावाची तशी परंपरा आहे.

पण झेंड्याचा प्रश्नच नाही. प्रश्न त्या सेतू केंद्रातल्या पोराचा आहे. तो दिवसाला शंभर लोकांची नावं लिहितो. त्याच्या बोटात मराठी असेल तर ती नावं बरोबर लिहिली जातील आणि रांग लवकर सरकेल. नसेल तर एखाद्या म्हातारीचं नाव दाखल्यावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं येईल, आणि ती पुढची दोन वर्षं प्रतिज्ञापत्रं करत फिरेल. कीबोर्डवर रंगीत दिवे होते की नव्हते, याचा तिला काय उपयोग?

तर मंडळी, पैसे जमवा, पण आधी तीन आठवडे आहे त्याच जुन्या कीबोर्डवर इनस्क्रिप्ट बसवा. त्यानंतरही वायरलेस मेकॅनिकल हवासा वाटला तर मला विचारा, कोणता ते मी आनंदाने सांगेन. बहुतेक तोवर तुम्हीच मला सांगाल.