शौचकूपांतील इतिहास

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क ह्यांसारख्या जुन्या शहरांत एक विलक्षण छंद चांगलाच रुजला आहे. जुन्या घरांच्या परसांतील बुजलेले शौचकूप हुडकावयाचे, जमिनींत लांब सळई खुपसून माती कोठें भुसभुशीत लागते तें पाहावयाचें, आणि मग खोल उतरून जुन्या बाटल्या, मडकीं, चिनी मातीच्या बाहुल्या वर काढावयाच्या. वाचकांनीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं; शंभर-दीडशें वर्षांत तेथील मळाची केव्हांच माती झालेली असते. नळ व भुयारी गटारें येण्यापूर्वीं हे कूप घरची कचराकुंडीही असत. फुटकी बशी, औषधाची रिकामी बाटली, चोरून प्यालेल्या दारूचा शिसा, सारें त्यांच्याच पोटांत जाई. हे कूप उकरणाऱ्या मंडळींना 'इतिहासाचे रक्षक' म्हणवून घेण्याची हौस फार. ही पदवी त्यांना शोभत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्यांचा युक्तिवाद अगदींच दुबळा आहे असें नव्हे. उद्यां तेथें इमारत उठणार, यंत्रें सर्व कांहीं चिरडून टाकणार. मग आम्ही चार बाटल्या वाचविल्या तर बिघडलें कोठें? खाजगी जागेंत मालकाची संमति असली म्हणजे कायदाही सहसा आड येत नाहीं. पुरावस्तूंच्या रक्षणाचा तेथील १९७९ चा कायदा मध्यवर्ती सरकारच्या व मूळ रहिवाशांच्या जमिनींपुरताच आहे. शिवाय, पंडितांचीं खोकीं कोठारांत धूळ खात पडतात, आमच्या बाटल्या निदान फडताळांत झळकतात, हा त्यांचा टोमणाही अगदींच निराधार नाहीं.

परंतु वाचविलें तें काय, हाच खरा प्रश्न आहे. २०१४ ते २०१६ ह्या काळांत फिलाडेल्फियाच्या राज्यक्रांति-संग्रहालयाची इमारत उठण्यापूर्वीं त्या जागेंत शास्त्रीय उत्खनन झालें. तेथील एका कूपांत एका मद्यपात्राचे तुकडे सांपडले. त्यावर ट्रायफेना नांवाच्या जहाजाचें चित्र असून त्या जहाजाला यश चिंतिलेलें आहे. जवळच प्याले, बाटल्या व तंबाखूच्या चिलमी होत्या. घर हम्फ्रीज नामक दांपत्याचें. आणि मेरी हम्फ्रीज हिला १७८३ मध्यें परवान्यावांचून मद्यगृह चालविल्याबद्दल अटक झाली होती, असें कागदपत्र सांगतात. पात्र, प्याले, घर आणि कागद हीं चारही एकत्र आलीं, म्हणून एका गल्लींतील गुप्त गुत्ता आपल्यापुढें उभा राहिला. तेंच पात्र एखाद्या हौशी माणसाच्या हातीं लागतें, तर त्याला किंमत आली असती. हकीकत मात्र कायमची गेली असती.

दुसरें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. न्यू यॉर्कची फाइव्ह पॉइंट्स ही वस्ती दारिद्र्य व दुराचार ह्यांसाठीं कुप्रसिद्ध होती. १८४२ सालीं डिकन्स ती पाहून गेला व तिची निर्भर्त्सना करून मोकळा झाला. १९९१ मध्यें न्यायालयाच्या बांधकामासाठीं तेथें खोदाई झाली, तेव्हां कूपांतून व टाक्यांतून सुमारें ८,५०,००० वस्तु निघाल्या. त्यांत चहाचीं सुबक भांडीं होतीं, मुलांचीं खेळणीं होतीं, कष्टाळू संसारांच्या साऱ्या खुणा होत्या. बाहेरून पाहणाऱ्यांनीं ज्यांना केवळ गुंड व व्यसनी ठरविलें, त्यांची बाजू त्यांच्याच कचऱ्यानें मांडली. पुढें हा संग्रह जागतिक व्यापार केंद्राच्या एका इमारतींत ठेवला होता. २००१ च्या सप्टेंबरांतील हल्ल्यांत तो जवळजवळ सर्व नष्ट झाला. इतरत्र उसन्या दिलेल्या मोजक्या वस्तु तेवढ्या वांचल्या. तरीही त्या लोकांविषयींचें ज्ञान बुडालें नाहीं. कारण कोणती वस्तु कोठें, कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं होती, ह्याचा अभ्यास होऊन अहवाल तयार झाला होता. पंडितांच्या वस्तु गेल्या, पण ज्ञान राहिलें. छांदिष्टांच्या वस्तु राहतात, ज्ञान जातें. रक्षक कोण, हें आतां वाचकांनींच ठरवावें.

आपल्याला ह्याचें काय, असें कोणी म्हणूं नये. पुण्यांत जुना वाडा पडूं लागला कीं कोरीव खांब, दारें, समया ह्यांना गिऱ्हाइकें मिळतात आणि त्या वस्तु एखाद्या उपाहारगृहाची शोभा वाढवितात. तो खांब कोणाच्या वाड्याच्या कोणत्या सोप्यांत उभा होता, हें टिपून ठेवण्याची तसदी किती जण घेतात? आपण फक्त शौचकूपांऐवजीं माजघरें लुटतों, इतकाच काय तो भेद!

छंद सोडा, असें आमचें म्हणणें नाहीं. उचलण्यापूर्वीं मोजा, छायाचित्र घ्या, थर लिहून ठेवा, फुटके तुकडे फेंकूं नका, आणि एका कूपांतील वस्तूंची फाटाफूट करूं नका. यंत्र दाराशीं आलें असलें तरी वही-पेन्सिलीला वेळ काढतां येतो. एवढें ज्याच्यानें होत नाहीं, त्यानें स्वतःला बाटल्यांचा व्यापारी म्हणवून घ्यावें. इतिहासाचें नांव घेऊं नये.