टाकीत उतरणाऱ्याला विचारलं का?

या अंकाचं संपादकीय मी कवितेवर लिहिणार होतो. ते बाजूला ठेवलं. आमच्या जित्याच्या स्टेशनवर उभं राहिलं की रुळाच्या दोन्ही टोकांना केमिकलच आहे. पनवेलच्या अंगाला रसायनी-पाताळगंगा, रोह्याच्या अंगाला नागोठणे आणि धाटाव. सकाळच्या गाडीत डबा घेऊन चढणारी पोरं कुठं उतरतात हे सांगायला जोतिषी नको. त्यात कायम किती आणि ठेकेदाराची किती, आणि ठेकेदाराच्या पोरांतही टाकी, गटार, गाळ कोणाच्या वाट्याला येतो, तेही सांगायला नको. हजेरीवरची आडनावं वाचा. मनू मेला म्हणणाऱ्यांनी तर जरूर वाचा.

मीही त्याच गाडीनं जात होतो. बीएस्सी केमिस्ट्री, एका कारखान्याच्या लॅबमध्ये ठेक्यावर. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका कारखान्याची नाही. तिथं एआय आलं. साहेब लोक त्याच्याकडून रिपोर्ट लिहून घ्यायचे, प्रयोगाचे आकडे लावून घ्यायचे, कामाच्या सूचना तयार करून घ्यायचे. मीही वापरलं. इंग्रजी पेपरातला जो परिच्छेद तीनदा वाचून कळत नव्हता, तो मराठीत विचारल्यावर कळला. हे आधीच कबूल करतो. म्हणजे कोणी मला यंत्राचा वैरी म्हणू नये.

मग एक दिवस टाकी धुण्याच्या सूचना निघाल्या. इंग्रजी यंत्राचं, मराठीही यंत्राचंच. साहेबानं इंग्रजी वाचलं, सही ठोकली. मराठी कोणी वाचलं नाही. त्यात लिहिलं होतं : ‘पात्रातील वातावरण तपासल्याशिवाय मर्यादित जागेत प्रवेश करू नये.’

शब्दकोश उघडा, एकही शब्द चूक नाही. पण तात्यानं ते वाचून काय केलं? तात्या म्हणजे टाकीवरचा आमचा सगळ्यात जुना माणूस. तो म्हणाला, “वातावरण? आभाळ तर मोकळं हाय.” पोरं हसली. कोणी म्हणालं, पात्र म्हंजे नाटकातलं काय रे? आत हवा तपासायचं मीटर लावायचं असतं, ऑक्सिजन मोजायचा असतो, विषारी गॅस मोजायचा असतो, आणि बाहेर दोर धरून एक माणूस उभा ठेवायचा असतो, हे त्या मराठीतून कोणाच्याच ध्यानात आलं नाही. तात्यानं त्याच्या पद्धतीनं तपासलं. झाकणातून डोकं आत घालून वास घेतला. “वास काय येत न्हाय,” म्हणाला, आणि दुसऱ्या क्षणाला त्याचे पाय लटपटले. दोघांनी कॉलर धरून मागं ओढला म्हणून आज तो आहे.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की तो नाकच बधिर करतो. म्हणजे वास गेला ही खूण सुटकेची नसते, कधीकधी मरणाची असते. हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की आत उतरायचं नाही. एवढंच तात्याला सांगायचं होतं. कागद एआयनं चार मिनिटांत लिहिला, आणि एवढंच राहिलं.

अहवालात लिहिलं गेलं : कामगाराचा निष्काळजीपणा.

पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या महिन्यात. कंपनीनं एआयच्या वापराचा अभ्यास करायचं ठरवलं. फॉर्म आला. प्रश्न तीन : कोणत्या कामाला वापरता? किती वेळ वाचला? समाधानी आहात का? फॉर्म साहेबांना आला, लॅबला आला. टाकीवर आला नाही. अभ्यास पूर्ण. निष्कर्ष : वेळ वाचला, सर्व समाधानी. टाकीत उतरणारा त्या ‘सर्व’मध्ये नव्हताच. गावकूस असं असतं बघा. दगडाचं पडलं तरी कागदावर उभंच राहतं.

तर आजचा मुद्दा एवढाच : यंत्र चांगलं की वाईट हे ना यंत्र बनवणाऱ्याला विचारून कळतं, ना खुर्चीतल्या वापरणाऱ्याला ‘बरं वाटलं का’ विचारून. ते वापरल्यावर शेवटच्या माणसापर्यंत काय झालं हे बघून, मोजून, लिहून कळतं. हे बघणं म्हणजेच विज्ञान. आणि ज्या बघण्यातून आम्ही वगळलेले आहोत ते अर्धं विज्ञान आहे.

मी हवेत बोलत नाही. जगभरच्या शहाण्यांचं काय झालं ते ऐका. २०२५ साली मेटर नावाच्या अमेरिकन संस्थेनं १६ मुरलेले प्रोग्रॅमर घेतले, २४६ कामं दिली. काही कामं एआय वापरून करायची, काही न वापरता. काम संपल्यावर हे लोक म्हणाले, एआयमुळं आम्ही २० टक्के लवकर केलं. घड्याळ म्हणालं, १९ टक्के उशिरा केलं. रोज तेच काम करणाऱ्या माणसाला स्वतःचा वेळ कळला नाही! आणि आमच्याकडं ‘समाधानी आहात का’ या प्रश्नावर अभ्यास संपतो.

दुसरी गोष्ट याहून भारी. २०२४ च्या अखेरीस एमआयटीच्या एका विद्यार्थ्याचा निबंध गाजला. एका कंपनीच्या लॅबमधले १,०१८ शास्त्रज्ञ, त्यांना एआय दिलं, नव्या पदार्थांचे शोध ४४ टक्के वाढले, पेटंट ३९ टक्के वाढली. मोठमोठ्या अर्थशास्त्र्यांनी पाठ थोपटली. मे २०२५ मध्ये एमआयटीनंच जाहीर केलं की या निबंधातल्या माहितीवर आमचा विश्वास नाही, तो मागं घ्या. शास्त्रज्ञ एआय कसं वापरतात यावरचा गाजलेला अभ्यासच असा निघाला! आकडे गुळगुळीत होते, म्हणून कोणी आधी विचारलं नाही की ती लॅब कुठली, ती माणसं कुठली.

तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे. आपल्या देशातल्या एका दलित संशोधकानं समाजशास्त्राच्या फेलोशिपसाठी अर्ज लिहिला आणि इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटीला दिला. इंग्रजी सुधारलं. सोबत त्याचं आडनावही ‘सुधारलं’. शर्मा करून टाकलं! ऑक्टोबर २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या मासिकानं हे छापलं, आणि स्वतः तपासणीही केली. जीपीटी-५ ला १०५ वाक्यं दिली, प्रत्येकात गाळलेल्या जागी ब्राह्मण की दलित ते भरायचं. ८० वाक्यांत यंत्रानं जुनंच भरलं. हुशार तो ब्राह्मण, गटार साफ करणारा दलित. यंत्र कोणाच्या पोटी जन्मलं नाही, त्याला जात नाही, असं म्हणणाऱ्या आपल्या भाबड्या मित्रांनी हे भिंतीला लावून ठेवावं. यंत्र माणसांनी लिहिलेलं वाचून शिकलं. आणि हजारो वर्षं लिहायचा मक्ता कोणाकडं होता?

आता चळवळीतले दोन आवाज मला ऐकू येतात. एक म्हणतो, हे भांडवलदारांचं हत्यार आहे, बहिष्कार घाला. त्याला मी विचारतो, बाबा, तू इंग्रजी माध्यमात शिकलास का? ज्या पोरासाठी इंग्रजी म्हणजे बंद दरवाजा आहे, त्याच्या हातात पहिल्यांदा किल्ली आली. ती फेकून दे म्हणणारा तू कोण? विज्ञानातही या यंत्रांनी खरं काम केलंय. अल्फाफोल्डनं जवळपास २० कोटी प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधला, ते बनवणाऱ्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ते अंदाज जुन्या, प्रयोगशाळेत मोजलेल्या रचनांशी ताडून बघता आले, आणि कुठल्या भागाची खात्री किती हे यंत्र सोबत सांगतं. म्हणून ते चाललं. पडताळा होता म्हणून चाललं.

दुसरा आवाज म्हणतो, सेफ्टीचं बघायला मोठी माणसं आहेत. सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये एआय सुरक्षा संस्थेची घोषणाही केली. चांगलं आहे. धोका खोटा नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या औषध-संशोधकांनी आपलंच यंत्र उलटं फिरवून पाहिलं, तर सहा तासांच्या आत त्यानं ४०,००० विषारी रेणू सुचवले. असल्या धोक्यावर पहारा हवाच. पण विष नवं शोधावं लागतं ते त्यांना. आमच्या टाकीत ते आधीच आहे. सेफ्टी म्हणजे उद्या जगाचं काय होईल एवढंच नाही, आज दुपारच्या पाळीत तात्याचं काय होईल हेही आहे.

भोपाळ १९८४ मध्ये झालं. कारखान्याला लागून झोपड्यांत राहणारे आधी मेले. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती आली, की धोक्याची माहिती कामगाराला द्यायलाच हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली, तीतही हे कलम आहे. आणि जमिनीवर? नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात महाड एमआयडीसीत स्फोट होऊन ११ कामगार गेले. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. मेल्यावरचा दर ठरला. जगताना कळेल अशा भाषेत सूचना देणं मात्र कोणाला जमत नाही. कलमात ‘माहिती द्या’ लिहिलंय. तात्याला माहिती दिली होती की! मराठीत, छापून, सहीशिक्क्यासह. ती पोचली का, हे बघायचं कलम आपण लिहायचं आहे.

याच जिल्ह्यात १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पुढच्याच वर्षी सायमन कमिशनपुढं त्यांनी मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणावर निवेदन दिलं. त्यात नुसती कैफियत नव्हती, आकडे होते, तक्ते होते. ज्यांना कोणी मोजत नव्हतं त्यांना त्यांनी मोजून समोर ठेवलं. आणि बुद्धानं कालामांना काय सांगितलं? परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका, स्वतः पारखा. त्या यादीत आता आपण एक भर घालू. यंत्र अस्खलित बोलतं म्हणूनही मानू नका.

म्हणून आम्ही जित्यात एक वही सुरू केली आहे. साधी, दोनशे पानी. रविवारी पोरं जमतात. पाच रकाने आहेत. यंत्राला काय विचारलं आणि कोणत्या बोलीत? उत्तर काय आलं? ड्रमवरच्या लेबलवर किंवा केमिकलच्या मूळ कागदावर काय आहे? पडताळलं कोणी? शेवटी झालं काय? बरोबर आलेलं उत्तरही लिहायचं, फक्त चुका गोळा केल्या तर तोही खोटा अभ्यास होईल. माणसाचं आणि कंपनीचं नाव लिहायचं नाही. वही ठेकेदाराच्या हाती लागली तर गेटपास जातो. आणि दर सूचना टाकीवरच्या माणसाला वाचून दाखवायची, मग त्याला विचारायचं : तात्या, आता तू काय करशील? तो जे सांगेल तीच त्या सूचनेची परीक्षा.

तात्यानंच आम्हाला पहिलं वाक्य सुधारून दिलं. ‘टाकीच्या आतली हवा मीटरनं मोजल्याबिगर डोकंसुद्धा आत घालू नका. वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका.’ एआयला हे दिलं, म्हटलं इंग्रजी कर. बिनचूक केलं. यंत्राला अडचण नव्हती. त्याला तात्या भेटला नव्हता, एवढंच.

आयआयटीवाल्यांनो, एनसीएलवाल्यांनो, सुरक्षा संस्थेच्या विद्वानांनो, तुम्ही वापराचा अभ्यास करणार असाल तर जरूर करा, आम्ही वही घेऊन बसू. पण आम्हाला नमुना म्हणून मोजायला येऊ नका. प्रश्न ठरवायच्या बैठकीत ठेक्यावरचा माणूस बसवा, त्या दिवसाची हजेरी त्याला द्या, आणि निष्कर्ष त्याच्या भाषेत त्याला परत आणून वाचून दाखवा.

आणि वाचक दोस्तहो, धारावी, चेंबूर, पिंपरी, अंबरनाथ, तुम्ही जिथं असाल तिथं वही उघडा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, पेन तेवढं लागेल. पहिल्या पानावर तुमच्या वस्तीतल्या तात्याचं म्हणणं लिहा. पुढच्या अंकात वह्यांतली पानं छापू.

जय भीम.