कोरलवाल्यांनो, पान लावायचं सॉफ्टवेअर द्या

मागच्या वर्षी आमच्या साप्ताहिकात एका ग्रामपंचायतीची निविदा छापली. सगळं व्यवस्थित, फक्त शेवटची ओळ चौकटीत मावली नाही आणि छापलीच गेली नाही. ती ओळ होती निविदा भरायच्या अंतिम तारखेची. पुढच्या अंकात जाहिरात फुकट छापून द्यावी लागली, शिवाय दोन वेळा जाऊन हात जोडावे लागले. ऑपरेटरला बोलायला तोंड नव्हतं, प्रूफ मीच पाहिलं होतं.

चूक आमची. सॉफ्टवेअरला दोष देत नाही, कारण ते मुळात चित्र काढायचं सॉफ्टवेअर आहे. आम्ही आठ पानांचा पेपर कोरलड्रॉमध्ये लावतो. हे ऐकून पुण्या-मुंबईचे डिझायनर हसतात. हसा. आमच्याकडे डीटीपीचं दुकान म्हणजे कोरल. फ्लेक्स कोरलमध्ये, लग्नपत्रिका कोरलमध्ये, उत्तरकार्याची पत्रिकासुद्धा कोरलमध्येच. कामाला येणारा पोरगा तेवढंच शिकून येतो. मग पेपर कुठे लावणार?

कोरलमध्ये पानं वाढवता येतात, मजकुराच्या चौकटी एकमेकींना जोडता येतात, मान्य. पण पेपरचं पान म्हणजे बॅनर नव्हे. रात्री नऊला जाहिरात येते, बातमी अर्धी कापावी लागते, उरलेली ‘पान ७ वर’ न्यावी लागते. मथळा एका ओळीचा दोन ओळींचा झाला की खालचे तीन कॉलम हलतात. अशा वेळी मजकूर चौकटीबाहेर उरला तर छपाईआधी ओरडून सांगणारं काहीतरी लागतं. इनडिझाईन ते सांगतं.

मग इनडिझाईन घ्या की, असं म्हणाल. त्याची देवनागरी २०१२ च्या सीएस६ मध्ये मार्गी लागली आणि पुढच्याच वर्षी ॲडोबीनं विक्रीचं गणित बदललं. आता सॉफ्टवेअर विकत नाही मिळत, भाड्यानं मिळतं. ज्या साप्ताहिकाचे वर्गणीदारच दोन-दोन वर्षं वर्गणी थकवतात, त्यानं दरमहा भाडं कुठून भरायचं? म्हणून तर काही ठिकाणी अजून पेजमेकर ७ चालतं. ते २००१ सालचं आहे! त्याच्या जोडीला जुने फॉन्ट, म्हणजे तीच बातमी युनिकोडमध्ये हवी असेल तर आधी कन्व्हर्टर शोधा, मग त्यानं केलेल्या चुका शोधा.

आता कोरलची गंमत ऐका. या कंपनीकडे पान लावायचं सॉफ्टवेअर होतं! व्हेंचुरा. १९९३ ला त्यांनी ते विकत घेतलं, २००२ ला दहावी आवृत्ती काढली आणि मग अडगळीत टाकलं. घरातली गाय सोडून दिली आणि आम्ही बैलाला दूध मागत बसलोय.

जाणकार म्हणतात, इनडिझाईनपुढे कोण टिकणार? इंग्लंडच्या सेरिफनं हा प्रश्न विचारत वेळ घालवला नाही. २०१४ ला चित्रांसाठी ॲफिनिटी डिझायनर, २०१५ ला फोटोंसाठी, आणि २०१९ ला पानांसाठी पब्लिशर. तेही एकदाच पैसे भरून. पुढे २०२४ मध्ये कॅनव्हानं ती कंपनीच घेतली आणि २०२५ ला ॲफिनिटी फुकट केलं. म्हणजे चित्रांच्या कंपनीनं पानांचं सॉफ्टवेअर काढलं तर ती बुडते, हे काही खरं नाही. फक्त पब्लिशर आलं तेव्हा त्यात देवनागरी जोडाक्षरांची सोय नव्हती. आमच्यासाठी ते तिथंच संपलं.

फुकटातलं स्क्रायबस आहे. २०२४ च्या १.६ आवृत्तीत आपल्यासारख्या लिप्यांची जुळणीही आहे. चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या गावात ते शिकवणारं कुणी नाही. मी पदरमोड करून पोराला शिकवलं, तरी सहा महिन्यांत तो फ्लेक्सच्या दुकानात जास्त पगारावर जातो. पुन्हा नवा पोरगा, पुन्हा पहिल्यापासून. त्याला कोरल मात्र झोपेतही येतं. त्याच बटणांचं, त्याच मेनूचं पानांचं सॉफ्टवेअर मिळालं तर आठवड्यात पेपर लावायला बसेल. म्हणून माझं भांडण कोरलशी आहे, दुसऱ्या कुणाशी नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. बऱ्याच दुकानांत कोरल चोरीचं आहे. कंपनी विचारेल, तुम्ही आधीचे पैसे दिलेत का? रास्त प्रश्न आहे. आमचंही पहिलं तसंच होतं, आता विकत घेतलंय. पण पेपरवाल्याचं वेगळं असतं. आमच्या नावाची नोंदणी असते, अंकावर पत्ता छापलेला असतो, आम्हाला लपून चालत नाही. परवडेल अशी किंमत ठेवली तर पेपरवाला बिल घेऊन माल घेतो.

नाव व्हेंचुराच ठेवा नाहीतर दुसरं काही. किंमत एकदाच घ्या, युनिकोड देवनागरी धड चालू द्या, आणि चौकटीबाहेर मजकूर उरला की लाल खूण दाखवा. पहिलं बिल माझ्या नावानं फाडा.