सभासदाचा लाभांश तीन वर्षांत का बुडावा?



सप्टेंबर आला की सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल भिवंडीत घरोघर येऊन पडतात. या आठवड्यात आलेल्या एका अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत नेहमीची सूचना आहे : तीन वर्षांपूर्वीचा लाभांश ज्यांनी नेला नाही त्यांनी मुदतीत न्यावा, अन्यथा रक्कम राखीव निधीत वर्ग होईल. बहुतेक सहकारी बँकांच्या पोटनियमांत हे कलम आहे. ते अन्यायाचे आहे आणि ते रद्दच झाले पाहिजे.

सर्वसाधारण सभेने लाभांश मंजूर केला की तो पैसा सभासदाचा झाला. खासगी बँकांना कंपनी कायदा लागू आहे. त्यांना जाहीर केलेला लाभांश ३० दिवसांत द्यावा लागतो, उशीर केला तर १८ टक्के व्याज. कोणी नेला नाही तर तो सात वर्षे वेगळ्या खात्यात राहतो, मग केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो, आणि तिथूनही मागता येतो. सरकारी स्टेट बँकेनेही २०२५ मध्ये शेअरमागे १५ रुपये ९० पैसे जाहीर करताना १६ मे ही नोंद तारीख आणि ३० मे ही वाटपाची तारीख सांगून टाकली होती. आमच्या अहवालात लाभांशाची टक्केवारी ठळक असते, पैसे कधी मिळणार याचा उल्लेखही नसतो.

याच सहकारी बँकेतली ठेव दहा वर्षे पडून राहिली तर रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारस केव्हाही आला तरी परत मिळते. मग सभासदालाच तीन वर्षांचा फास कशाला?

आम्ही यंत्रमागवाले काही हौसेने सभासद झालो नाही. तारणी कर्जाच्या अडीच टक्के, विनातारण कर्जाच्या पाच टक्के रकमेचे शेअर घेतल्याशिवाय कर्ज हाती पडत नसे. हे शेअर बाजारात विकता येत नाहीत, दर्शनी किमतीलाच परत जातात. लाभांशावरही राज्याच्या सहकार कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा. मिळकत काय ती एवढीच, आणि तीही बुडवायची!

बँका सांगतात, सभासदाचा पत्ता लागत नाही. हप्ता थकला की वसुली अधिकारी जामीनदाराच्या दारापर्यंत बरोबर पोहोचतो. माग बंद करून भिवंडीतल्या पद्मानगरातून तेलंगणात परतलेल्या कुटुंबांना आणि मयत सभासदांच्या वारसांना साधे पत्रही जात नाही.

सभांबद्दल तर बोलायलाच नको. विषय क्रमांक वाचायचा अवकाश, मागच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू. प्रश्न विचारायला उठलेल्या सभासदाला खाली बसवतात.

सहकार आयुक्तांनी हे कलम पोटनियमांतून काढायला लावावे. वाटपाची तारीख सभेतच जाहीर व्हावी आणि रक्कम थेट सभासदाच्या बचत खात्यात जमा व्हावी. तोवर भिवंडीतल्या प्रत्येक सभासदाने यंदाच्या सभेत लाभांशाच्या विषयाला उभे राहावे, तारीख विचारावी आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय खाली बसू नये.

– एक यंत्रमागधारक सभासद, कामतघर, भिवंडी