पूर्वपक्ष गाळलेला वाद

समाजमाध्यमांतून चालणाऱ्या इस्लामी धर्मप्रसाराविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. धर्मज्ञान मदरशाच्या भिंतींतून मुक्त झाले, असा एक जयघोष. आणि 'बंदी घाला' अशी दुसरी आरोळी. आमच्या मते दोन्ही उथळ आहेत. काय सांगितले जाते यावरच दोघांचे भांडण आहे. ते कोणत्या घाटात सांगितले जाते, याकडे कोणी पाहतच नाही.

हा घाट आहे वादसभेचा, आणि त्याचे कूळ शोधायला मक्केला जाण्याचे कारण नाही. १८५४ साली आग्र्यात मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि जर्मन मिशनरी फांडर यांच्यात दोन दिवस जाहीर वाद झाला. कैरानवींनी पुढे 'इजहार-उल-हक' हा ग्रंथ लिहिला. डर्बनजवळच्या एका दुकानात काम करणाऱ्या अहमद दीदात या तरुणाच्या हाती तो पडला आणि त्यातून एक वादपटू वक्ता घडला. १९८६ मध्ये अमेरिकी धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांच्याशी झालेल्या त्यांच्या वादाच्या कॅसेटी जगभर फिरल्या. दीदातांना गुरुस्थानी मानून मुंबईचे डॉक्टर झाकीर नाईक उभे राहिले; १९९१ मध्ये त्यांनी इस्लामिक रिसर्च फाउंडेशन स्थापले, २००६ मध्ये 'पीस टीव्ही' सुरू केला. आज मोबाइलवर सरकणाऱ्या चित्रफिती याच वंशाच्या. 'मूळ, शुद्ध' धर्माचा पुकारा करणाऱ्या या प्रचाराची शैली मात्र वसाहतकाळात मिशनऱ्यांशी झुंजताना घडलेली आहे.

मराठी वाचकाला हा घाट परका नाही. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या किनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत होते. 'समुद्रकिनारीचा वादविवाद' त्यातूनच आला. परंतु तिथे काय, आग्र्याला काय, समोर तयारीचा प्रतिपक्षी होता आणि त्याला उत्तराचा अधिकार होता. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, ही वादाची किमान सभ्यता होय. चित्रफितीत पूर्वपक्ष उरतो तो गर्दीतून माइकपाशी आलेल्या एखाद्या गोंधळलेल्या प्रश्नकर्त्यापुरता. त्यावर अध्याय-आयतींच्या क्रमांकांचा भडिमार होतो, टाळ्या पडतात आणि तिथेच कात्री लागते. क्रमांक पाठ असणे म्हणजे विद्वत्ता, हा समज याच कात्रीने रुजवला.

यात सर्वाधिक नुकसान कोणाचे? आमचे उत्तर आहे : मुसलमानांचेच. इस्लामी धर्मशास्त्राने मतभेदाला 'इख्तिलाफ' हे नाव देऊन प्रतिष्ठा दिली. सुन्नी परंपरेत चार मजहब एकमेकांना मान्यता देत नांदले. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी. म्हणून कोणी कोणाला धर्मबाह्य ठरवले नाही. 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद, गावोगावचे दर्गे, उरूस, हे सारे मिनिटभराच्या निकालपत्रात 'शिर्क' ठरवून मोकळे होता येते. महाराष्ट्रातल्या मुसलमानाने आपल्या मातीत जे शतकानुशतके कमावले, ते त्याच्याच पोराच्या हातातला पडदा रद्दबातल ठरवतो आणि यालाच लोकशाहीकरण म्हणायचे!

बंदीवाद्यांनी यावर हर्षभरित होऊ नये. धर्मप्रसाराचा हक्क संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने दिलेला आहे आणि तो सर्वांचा आहे. हिंसेला चिथावणी असेल तर कायदा आहेच. २०१६ मध्ये केंद्र सरकारने नाईकांच्या संस्थेवर बंदी घातली. बंदी संस्थेवर पडली, घाट शाबूत राहिला. इतकेच नव्हे, प्रतिवाद म्हणून निघालेल्या हिंदुत्ववादी चित्रफितींनीही तोच उचलला : तोच अर्धवट प्रतिपक्षी, तेच क्रमांक, त्याच टाळ्या. शत्रू म्हणवणारे दोघे एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे : गाळलेला पूर्वपक्ष परत आणणे. मुस्लिम धर्मविचारातले मतभेद मराठीत, विस्ताराने, त्यांच्या युक्तिवादांसह मांडले गेले पाहिजेत. आणि ते काम मुसलमान लेखकांवर ढकलून मराठीच्या प्राध्यापकवर्गाला मोकळे होता येणार नाही. फतव्याच्या शेवटी मुफ्ती 'वल्लाहु आलम' असे लिहितात : खरे काय ते अल्लाहच अधिक जाणतो. निर्णय देणाऱ्यानेच आपल्या निर्णयाला घातलेली ही मर्यादा आहे. चित्रफितीला हे दोन शब्द परवडत नाहीत, कारण त्यांच्यावर टाळ्या पडत नाहीत.