नवा बोर्ड की जुना डबा?

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टिफ्रॅक हा इथेच बांधलेला संगणक रीतसर सुरू झाला. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एस्सो तेल कंपनीत आयबीएमचा 1401 आला. एक घरचा, दुसरा भाड्याचा. पुढची दीड दशकं चलती राहिली ती भाड्याच्या यंत्रांची. परदेशात वापरून झालेली 1401 यंत्रं आयबीएम मुंबईच्या कारखान्यात डागडुजी करून इथल्या ग्राहकांना भाड्याने देई. मालकी कंपनीची, दुरुस्तीही कंपनीचीच. संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर ताशेरे ओढले. पुढे परकीय चलनाच्या फेरा कायद्यातली 40 टक्के भागभांडवलाची अट मान्य नसल्याने 1978 मध्ये आयबीएमने इथला गाशा गुंडाळला.

वापरलेला संगणक म्हणजे गळ्यात मारलेला माल, ही समजूत बहुधा तेव्हापासूनची. पण तेव्हाचा खरा जाच मालकीचा होता, यंत्राचं वय हे निमित्त. आज लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्या नावाने पत्ता विचारून पाहा!) ऑफिसांतून निघालेले ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर जातीचे मिनी पीसी मिळतात. विंडोज 11 इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. धडधाकट यंत्रं त्यामुळे कागदोपत्री म्हातारी झाली. झाकण उघडा, रॅम वाढवा, एसएसडी बदला, लिनक्स टाका. विचारणारं कोणी नाही.

या जुन्या डब्यांसमोरचा नवा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय, एकाच बोर्डावरचा छोटा संगणक. तो 2012 मध्ये 35 डॉलरला आला, शाळकरी पोरांनी बिनधास्त खटपट करावी म्हणून. स्फूर्ती बीबीसी मायक्रो या संगणकाची, ज्यावर ऐंशीच्या दशकात 'क्लास' या संगणक-शिक्षण योजनेखाली आपल्या शाळांतली मुलंही शिकली. आता पाय 5 ला अडॅप्टर, पंखा, केस, कार्ड जोडत गेलं की बेरीज जुन्या मिनी पीसीच्या घरात जाते. शिवाय रॅम बोर्डावरच पक्की झाळलेली, ती वाढवायची सोय नाही. 2021 नंतरच्या तुटवड्यात तर रास्पबेरी पाय मूळ किमतीला मिळणंही मुश्कील झालं होतं.

वीज बोर्ड कमी खातो, हे खरं. काम नसताना मिनी पीसी साधारण 10 वॅट घेतो, बोर्ड 3 ते 4. चोवीस तास चालू ठेवला तरी फरक वर्षाला साठेक युनिटांचा. बेस्टच्या बिलात तेवढ्याने आभाळ कोसळत नाही.

म्हणून गिरगावातलं वाचनालय, दादरचा क्लास, परळचा छोटा दवाखाना यांनी जुना डबाच घ्यावा. फक्त बायोसला पासवर्ड उरलेला नाही ना आणि अडॅप्टर मूळचाच आहे ना, हे दुकानातच तपासावं. लालबागच्या गणेश मंडळाला हलत्या देखाव्यातली मोटर आणि दिवे चालवायचे असतील, तर मात्र बोर्ड हवा. त्याच्या 40 पिनांमुळे रिले मॉड्यूल थेट जोडता येतं, मिनी पीसीला ती सोय नसते. आणि देखावा साधा असेल तर पायचीही गरज नाही, काहीशे रुपयांचा ईएसपी32 मायक्रोकंट्रोलर पुरतो.