बाळ हसतं, केस गळतात

बाजारहत्नूरला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक तीन-चार महिन्यांनी जरा निवांत केस विंचरायला बसते आणि फणीतला गुंता पाहून घाबरते. आजी म्हणते, "बाळ हसायला लागलं ना, आता आईचे केस गळायचेच!" आजीचं कारण बरोबर नाही, पण वेळ अचूक आहे.

एरवी रोज 50 ते 100 केस गळतातच. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे केस जास्त दिवस टिकतात आणि वेणी दाट दिसते. बाळंतपणानंतर ते झपाट्याने उतरतं आणि टिकून राहिलेले केस दोन-चार महिन्यांनी एकदमच गळू लागतात. मुळं शाबूत असतात. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. अंगावर पाजल्याने केस जातात हा गैरसमज आहे. त्यासाठी बाळाचं दूध तोडू नका.

खरी काळजी वेगळीच आहे. "बाळंतिणीचे केस गळतातच" असं म्हणता म्हणता रक्त कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबर 2022 मध्ये तेलंगणा सरकारने गरोदर बायकांमधला रक्तक्षय कमी व्हावा म्हणून पोषण किट सुरू केलं. पहिल्या नऊ जिल्ह्यांत आपला आदिलाबादही होता. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज घ्यायची असते. अनेक घरांत ती फडताळातच राहते. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. पथ्य म्हणून डाळ, पालेभाजी बंद करू नका. अळिवाची खीर जरूर द्या. आरोग्य लक्ष्मी योजनेत अंगणवाडीत बाळंतिणीलाही जेवण, अंडं, दूध मिळतं.

थकवा, धाप, छातीत धडधड असेल, टाळूवर चट्टे पडले असतील किंवा वर्ष उलटूनही केस गळत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईड तपासून घेता येतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी तसं सांगा. त्यामुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो.

आजीने डोक्याला तेल जरूर लावावं. लेकीला बरं वाटतं. तेलाने रक्त मात्र वाढत नाही. म्हणून नवरोबा, तुमच्याकडे एकच काम: रोज रात्री विचारायचं, "गोळी घेतलीस का?"